दादाचं नववं लेक्चर

माणूस गेला की भेटायला येणारा प्रत्येक जण एक किस्सा ठेवून जातो. दादाला जाऊन महिना झाला आणि आमच्या ओसरीवर नुसते किस्से साचलेत! दादा जाफराबादला कॉलेजात इतिहास शिकवायचा. मी सातवीत शाळा सोडली. ऑनलाइन वर्ग असला की फोन धरायचं काम माझं. त्याची रेकॉर्ड केलेली नऊ लेक्चर माझ्या फोनमध्ये आहेत; पोरांनाही तीच पाठवायचो. तो गेल्यावर आठ पुन्हा ऐकली. नववं ठेवलंय. ते ऐकलं की दादाचं बोलणं संपलं.

वर्ग घरातूनच असायचा, तरी दादा शर्ट खोचून, पट्टा लावून, बूट घालून बसायचा.

मी म्हणालो, "दादा, बूट कोणाला दिसून राह्यले?"

"दिसत न्हाईत. पण पायात बूट नसले की मला सनावळ्याच आठवत न्हाईत!"

पोरं अभ्यासाचे फोटो पाठवायची. दादाने झेरॉक्सच्या दुकानातून त्यांच्या प्रिंट काढल्या, लाल पेनने तपासल्या आणि मला म्हणाला, "जा, केदारखेड्याच्या पोरीला देऊन ये."

मोटारसायकलवर धूळ खात गेलो. पोरीने कागद घेतला, त्याचा फोटो काढला आणि माझ्यासमोरच दादाला पाठवला. खाली लिहिलं, "मिळाला सर!"

एक पोरगं जीपमध्ये बसून वर्ग ऐकत होतं. इअरफोन नव्हता, म्हणून अख्खी जीप ऐकत होती. दादाने विचारलं, "काही शंका?" नेहमीसारखी सगळी पोरं गप्प. तेवढ्यात जीपमधून एका म्हाताऱ्याचा आवाज आला, "मास्तर, मंग निजामाचं पुढं काय झालं?"

दादाने पुढची वीस मिनिटं त्याच्यासाठीच शिकवलं. फोन ठेवल्यावर म्हणाला, "वर्गात एकच पोरगं हुशार निघालं, ते बी सत्तर वर्षांचं!"

परवा वैभव आला, दादाचा विद्यार्थी. बोलता बोलता म्हणाला, "भाऊ, खरं सांगू? सरांची लेक्चर आम्ही डबल स्पीडवर पाह्यचो. चाळीस मिनिटांचं वीस मिनिटांत उरकायचं."

मी उठून त्याची कॉलरच धरली. "माझ्या भावाला पळवत व्हता व्हय रे?"

"न्हाई ओ भाऊ! सगळ्याच सरांचं तसं पाहतो. सरांचं तर दोन-दोनदा पाह्यचो!"

आई चहा घेऊन आली, म्हणून कॉलर सोडली. दोघं चहा प्यायलो. मंग मी फोन काढला, नववं लेक्चर उघडलं आणि त्याच्यापुढे धरलं.

"याच्यात उलटं बी व्हतं का? चाळीस मिनिटांचं ऐंशी?"

"व्हतं ना. पण सर लई हळू बोलतील, भाऊ."

"बोलू दे. मला कुठं जल्दी हाय?"