मलमासात रोड टॅक्सची सूट

गाड्या विकणाऱ्यांकडे गाड्यांपेक्षा किस्से जास्त असतात. गाडी गिऱ्हाईक घेऊन जातं, किस्सा मात्र शोरूममध्येच पडून राहतो! उज्जैनच्या फ्रीगंजातल्या आमच्या शोरूममध्ये मी लोनचं टेबल सांभाळते. कोणी नवीन माणूस कामाला लागला की आधी त्याला किस्से ऐकवायचे आणि मग काम सांगायचं, अशी आमच्याकडे पद्धतच पडली आहे. त्यातले बहुतेक किस्से मेळ्यातले.

मेळ्याचं असं आहे की वर्षातले काही आठवडे उज्जैनच्या मैदानात गाडी घेतली तर राज्य सरकार रोड टॅक्समध्ये भली मोठी सूट देतं. मग आम्ही सगळे शोरूमवाले तिथे स्टॉल टाकतो आणि एकमेकांची गिऱ्हाइकं पळवतो. आमच्या बरोबर समोर दुसऱ्या कंपनीचा स्टॉल असतो. तिथले मॅनेजर हेमंत जोशी. आमचे सगळ्यात जुने सेल्समन मुकुंददादा. आणि हेमंत जोशी म्हणजे दादांच्या बायकोचा, आमच्या वैशाली वहिनींचा, सख्खा धाकटा भाऊ!

त्या वर्षी मेळ्याच्या पहिल्याच दिवशी आमच्या मालकांनी, सेठजींनी, दादांना सुनावलं, "मुकुंदजी, इस बार सामनेवालों से आगे निकले तो आप यहीं. नहीं तो जाकर नीमच की ब्रांच सँभालो."

वहिनी उज्जैनच्या शाळेत शिक्षिका, मुलगी दहावीत. म्हणजे दादा एकटे नीमचला, बाकीचं घर इथे. दादा वरवर हसले, पण चेहरा उतरलाच. आम्हाला सगळ्यांनाच फार वाईट वाटलं.

*

सेठजी म्हणजे मुक्त बाजाराचे कट्टर भक्त. सकाळी अगरबत्ती लावली की पहिलं वाक्य ठरलेलं, "सरकार को धंधे में टाँग नहीं अड़ाना चाहिए! जिसकी गाड़ी अच्छी, उसकी बिकेगी."

सरकारने इलेक्ट्रिक गाड्यांवरचा टॅक्स कमी केला तेव्हा तर त्यांनी शोरूम डोक्यावर घेतलं. कारण इलेक्ट्रिक गाडी समोरच्यांकडे होती, आमच्याकडे नव्हती. पुढे आमच्या कंपनीनेही काढली. दुसऱ्याच दिवशी सेठजी गंभीरपणे म्हणाले, "भई, पर्यावरण का सरकार नहीं सोचेगी तो कौन सोचेगा?"

मेळा संपत आला की हेच सेठजी समोरच्या मालकाला सोबत घेऊन सूट वाढवून मागायला भोपाळला जातात. जाताना कोणाच्या कंपनीची गाडी न्यायची यावरून दोघांचं जुंपतं. शेवटी टॅक्सी करतात!

*

सूट घ्यायला अर्धं इंदूर इथे लोटतं. अट एकच, गाडीला नंबर उज्जैनचा, म्हणजे एमपी तेरा. आणि इंदूरवाल्याचा जीव एमपी नऊमध्ये! एक साहेब सगळं ठरवून सही करायला बसले आणि पेन हातातच राहिलं. "भिया, पूरी कॉलोनी नौ नंबर की है. मैं अकेला तेरह लेकर कैसे घूमूँगा?"

दादा म्हणाले, "फायदे की बात बताऊँ? बाहर गाँव की गाड़ी खड़ी देखकर कोई चंदा माँगने नहीं आता. समझते हैं, घर में मेहमान आए हैं."

साहेबांनी जागच्या जागी सही केली. पुढच्या आठवड्यात त्यांचा शेजारीही आला!

*

दादांचा असा एखादाच नेम लागायचा. एरवी त्यांना खरं बोलायची खोड. एकाने विचारलं, "एवरेज क्या देती है?" दादांनी उलट विचारलं, "कंपनीवाला बताऊँ कि सच्चा?"

खरा आकडा ऐकून गिऱ्हाईक उठलं आणि सरळ समोर गेलं. तिथे जोशींनी कंपनीवाला आकडा सांगितला. गाडी तिकडे बुक झाली! मी डोक्याला हात लावला. दादा म्हणाले, "स्मिता, निदान घेताना त्याला कळलं तरी, की किती कापून ऐकायचं."

*

आता सरकारला कोण सांगणार की तुमची सूट ऐन मलमासात येते! मलमासात, म्हणजे सूर्य मीन राशीत असतो त्या महिन्यात, आमच्याकडे कोणी नवं वाहन घरी नेत नाही. सूट सोडवत नाही आणि पंडितजी सोडत नाहीत. म्हणून लोकांनी मधला रस्ता काढलाय. पैसे आता, नंबर आता, गाडी मात्र मलमास संपल्यावर.

माधव नगरचे एक रिटायर्ड बँकवाले काका तर रोज सकाळी थर्मास घेऊन आमच्या यार्डात यायचे, आपल्या गाडीत बसायचे, भजनं लावायचे, चहा प्यायचे आणि घरी जायचे. सेठजी चिडले, "काकाजी, ले क्यों नहीं जाते?"

काका म्हणाले, "गाड़ी हिलाना मना है सेठजी, बैठना मना थोड़ी है!"

पुढे ते साडूलाही शेजारच्या सीटवर बसवायला लागले. बसल्या बसल्या त्यांनी साडूला आमचीच एक गाडी विकली. त्या आठवड्यात दादांची एकही गेली नव्हती.

*

रविवारी दोन्ही घरं जेवायला एकत्र. पूर्वी तिथेही स्पर्धा चालायची. वरणभाताबरोबर डिस्काउंट, मठ्ठ्याबरोबर मायलेज! शेवटी वहिनींनी कायदा केला, "जो गाडीचं नाव काढेल त्याला श्रीखंड मिळणार नाही."

मला विचाराल तर सरकारी हस्तक्षेप इतका यशस्वी झालेला मी दुसरीकडे कुठेच पाहिला नाही. त्या वर्षी मात्र कायद्याची गरजच पडली नाही. नीमचचं नाव कोणीच काढत नव्हतं.

*

मेळ्याचा शेवटचा दिवस. संध्याकाळी आरटीओच्या टेबलावरून कळलं, दोन्ही स्टॉल बरोबरीत! खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ उरलेला. मैदान रिकामं होत आलेलं. सेठजी म्हणाले, "बराबरी मतलब आगे नहीं."

वहिनी शाळेतून थेट आल्या होत्या. खुर्चीत नुसत्या बसून होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

तेवढ्यात समोरून जोशी आले. सोबत त्यांची आई. दादांसमोर बसत आमच्या स्टॉलवरच्या गाडीकडे बोट दाखवून म्हणाले, "जिजाजी, ही पांढऱ्या रंगात आहे का हो?"

"हेमंत, थट्टा नको करू रे आज."

जोशींनी आधार कार्ड आणि चेकबुक टेबलावर ठेवलं. दादांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं. आणि मग काय बोलले असतील? "अरे, पण मागे आईंच्या गुडघ्यांना अडचण होईल. तुमच्या गाडीत जागा जास्त आहे."

"अहो, तुम्ही गप्प बसाल का!" वहिनी ओरडल्या.

इतक्या घाईत मी आयुष्यात कागद केले नव्हते. खिडकी बंद होता होता पावती हातात पडली. सेठजी धावत आले. आनंद मावत नव्हता, पण विश्वासही बसत नव्हता. "जोशीजी, आप? खुद की कंपनी छोड़कर हमारी गाड़ी?"

समोर त्यांच्या स्टॉलमागे न विकलेल्या नव्या कोऱ्या गाड्यांची रांग पार भिंतीपर्यंत उभी होती. जोशींनी शांतपणे पेन खिशाला लावलं.

"क्या करें सेठजी, हमारे यहाँ तो वेटिंग चल रही है!"