माझ्या भावाचे दोन रिपोर्ट

माझा धाकटा भाऊ हिलरी चर्चच्या दानपेटीत नोट टाकतो आणि मग वाकून पेटीचं कुलूप नीट लागलंय का ते बघतो. देवावर त्याचा विश्वास आहे, पेटीवर नाही. वसईजवळ पाचूबंदरला त्याचं आणि माझं दार समोरासमोर आहे, त्यामुळे जन्मापासूनचा हा नमुना मी अजून सोसते आहे. डिझेल भरताना पंपवाल्याच्या हाताकडे नजर, लिलावात बोली लावणाऱ्याच्या तोंडाकडे नजर. दोन खलाशी त्याच्या मासेमारीच्या बोटीवर हळू आवाजात बोलले की ह्याची मान वळलीच म्हणून समजा. मी चिडले की म्हणतो, "लुसीबाय, कोन कसा हाय ते मना काय ठाव?"

एका बाबतीत मात्र त्याचा हात धरणारा आमच्या धक्क्यावर कुणी नाही. त्याचा मासा कधी खराब होत नाही. बाकीच्यांचं पापलेट किनाऱ्याला लागेपर्यंत मलूल झालेलं असतं आणि हिलरीचं मात्र नुकतंच जाळ्यातून काढल्यासारखं दिसतं. हे काम तो खलाशांवर सोपवत नाही. बापूस गेल्यापासून बोटीवर मासळी तोच भरतो.

जेसिका अर्नाळ्याची. लग्न होऊन आली तेव्हा मला वाटलं, ही पोर ह्या संशयी बाबाजवळ कशी टिकणार? पण ती टिकली, कारण तिला हसू येतं. हिलरी कपाटाची किल्ली लपवायचा, ती शोधून काढायची आणि दुसरीकडे लपवायची. सकाळी धर्मा नावाच्या ड्रायव्हरच्या टेम्पोतून विरारच्या बाजारात मासळी घेऊन जायची, दुपारी परत. दोघांचं बरं चाललं होतं. फक्त मूल होत नव्हतं.

मूल नाही म्हटलं की तपासायची ती बाई, हे आमच्याकडे ठरलेलंच. जेसिकाच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, सोनोग्राफी झाली, नळ्यांमध्ये औषध सोडून फोटो काढले. त्या दिवशी ती रिक्षात माझ्या खांद्यावर डोकं टाकून बसली होती, तिला सरळ बसवत नव्हतं. सगळं ठीक निघालं. मग डॉक्टर म्हणाल्या, आता मिस्टरांना पाठवा. त्या दिवसापासून मिस्टर गायब. आज बोटीचं इंजिन, उद्या जाळं, परवा पाठ. शेवटी मी त्याच्या ओट्यावर जाऊन सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "हिलरी, लाज कसली वाटते तुला?" तेव्हा कुठे तो मला हाताला धरून आत घेऊन गेला आणि हो म्हणाला.

पण त्याची एक अट होती. डॉक्टरांनी सांगितलेल्या वसईच्या लॅबमध्ये वीर्याचा नमुना द्यायला आतून कडी लागणारी खोली होती. ती त्याला नको होती. काउंटरवरची मुलगी जवळच्याच धोवली गावची, तिचा मामा आमच्याच धक्क्यावर मासळी घ्यायला येतो. मी त्या खोलीतून बाहेर पडलो की संध्याकाळपर्यंत सगळ्या बंदराला कळेल, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने घरूनच नमुना नेला. डबी कुणाच्या हातात दिली नाही, जेसिकाच्याही नाही. स्वतः मोटारसायकलवरून गेला आणि देऊन आला.

रिपोर्ट आला. शुक्राणू होते, संख्याही बरी होती, पण एकही हलत नव्हता.

हिलरीचा पहिला संशय लॅबवर. त्यांनी डब्यांची अदलाबदल केली, कुणातरी म्हाताऱ्याचा रिपोर्ट माझ्या नावावर चिकटवला. डॉक्टर म्हणाल्या, ही तपासणी थोडे दिवस थांबून पुन्हा करायचीच असते, हवं तर दुसरीकडे करा. ह्याने विरारची लॅब शोधली. तिथे त्याला काळं कुत्रं ओळखत नव्हतं, तरीही नमुना घरूनच नेला. मागच्यापेक्षा जास्त काळजी घेतली म्हणाला. ह्या लॅबला त्या लॅबचं नावही माहीत नव्हतं आणि तिचा रिपोर्टही अक्षरशः तोच आला.

इथे माझा भाऊ हरला. एकमेकांना न ओळखणारे दोन साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर ती खरीच, हा त्याचा धक्क्यावरचा हिशेब. आयुष्यभर कुणाचं काही खरं न मानणाऱ्या माणसाने त्या दोन कागदांवर डोळे मिटून विश्वास ठेवला.

डॉक्टरांनी पुढचे मार्ग सांगितले. सुई घालून जिवंत शुक्राणू मिळतात का बघता येतं, मिळाला तर तो स्त्रीबीजात सोडता येतो. नाहीतर दात्याचे शुक्राणू.

"दाता म्हंजे कोन?" हिलरीने विचारलं.

"ते सांगत नाहीत. नाव गुप्त ठेवतात."

"म्हंजे बाजारात समोरनं येनारा कुठलापन मानूस असू शकतो? आनि मी त्याला हात करून पुढं जानार?"

डॉक्टर हसल्या, त्याला ते आवडलं नाही. घरी आल्यावर जेसिकाने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि म्हणाली, "सुई तुना टोचनार, मना नाय. तू म्हनशील ते. नको तर नको. आपन दोघं हाव ना." फादरांनाही विचारायला गेले नाहीत, डॉक्टरांकडेही परत गेले नाहीत. विषय बंद झाला. मला तेव्हा जेसिकाचा फार अभिमान वाटला. भाऊ मात्र कोमेजला. बारशाचं, म्हणजे आमच्या भाषेत बाप्तिस्म्याचं आमंत्रण आलं की त्याला नेमकं समुद्रावर जायचं असे.

पावसाळ्याची बंदी उठून बोटी पुन्हा सुटल्या त्या सुमारास जेसिका एका सकाळी माझ्या स्वयंपाकघरात आली. माझा हात ओढून स्वतःच्या पोटावर ठेवला आणि रडायला लागली. मीही रडले. मग आम्ही दोघी हसलो. मग मला रिपोर्ट आठवले. माझ्या मनात पाल चुकचुकली नाही असं म्हटलं तर ते खोटं होईल. पण मी तिच्या तोंडाकडे बघितलं. लपवायचं असलेली बाई अशी धावत नणंदेकडे येत नाही. पाल मी तिथेच झटकली.

हिलरीने मात्र ती पाळली.

बातमी ऐकून तो "बरं" म्हणाला आणि जाळं विणायला बसला. गल्लीतल्या बायका पेढे मागायला आल्या, म्हाताऱ्यांनी पाठ थोपटली. रिपोर्टचं आमच्या तिघांशिवाय कुणालाच माहीत नव्हतं, त्यामुळे लोक खरोखर खूश होते. ह्याला प्रत्येक हसण्यात दुसराच अर्थ दिसायला लागला. एक जण म्हणाला, "देर आये दुरुस्त आये," तर हा रात्रभर जागा. मग धर्माची पाळी आली. धर्मा जूचंद्रचा, पोट सुटलेला, लग्नाला आलेल्या दोन मुलींचा बाप. टेम्पोत मागे टोपल्या आणि बाकीच्या बायका, पुढे धर्माशेजारी जेसिका, कारण मागे बसलं की तिला मळमळायचं. हिलरीने एका बाईला विचारलं, ती पुढंच का बसते? दुसरीला विचारलं, टेम्पो वाटेत कुठे थांबतो? एक दिवस तर हा शहाणा विरारच्या बाजारात कांदेवाल्याच्या मागे उभा राहून स्वतःच्या बायकोला कोळंबी विकताना बघत होता. तिने त्याला पाहिलं होतं. मला म्हणाली, "लुसीबाय, मी त्याला हाक मारली नाय. मना वाटलं, कदाचित तो आपनहून येऊन टोपली उचलंल."

त्याने टोपली उचलली नाही. दुसऱ्या दिवशी जेवताना एकच शब्द विचारला.

"कोनाचा?"

जेसिकाने ताटातला भात संपवला. ताट घासून पालथं घातलं. कपड्यांची पिशवी भरली आणि अर्नाळ्याला निघून गेली. माझ्या दारावरून गेली तेव्हा तिने मान वर केली नाही.

मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. तो खाली मान घालून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मना डॉक्टरांकडनं लिहून पायजे. पोर माझा असू शकत नाय असा. मग मी खरा का ती खरी, ते कळंल." मी म्हटलं, चल, आत्ताच चल. मलाही डॉक्टरबाईंच्या तोंडून ऐकायचं होतं.

डॉक्टरांनी दोन्ही रिपोर्ट पुन्हा वाचले. जेसिकाला दिवस गेलेत कळल्यावर त्या आमच्यासारख्या गोंधळल्या नाहीत. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "नमुना घरून आणला होता ना? कसा आणला होता?"

हिलरी खुर्चीत सरळ झाला. हे तर त्याच्या हातखंड्याचं काम. "लॅबवाली म्हनाली, उन्हात ठेवू नका, खराब होईल. मी मासळीवाला हाय डॉक्टर, मना शिकवायला नको. थर्माकोलचा छोटा डबा घेतला. खाली बर्फाचा चुरा, मधी डबी प्लास्टिकमधी गुंडाळून, वरनं परत बर्फ. पान्याचा थेंब आत गेला नाय. लॅबच्या कोपऱ्यावर डबी काढली, पुसली, खिशात घातली आनि दिली. दोन्ही टायमाला तसाच. दुसऱ्या टायमाला विरार लांब म्हनून बर्फ जास्त घातला."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हिलरी, तो अंगाच्या उबेत आणायचा असतो. शर्टाच्या आत धरून. बर्फात घातलात तर ते हलणार कसे?"

मला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणी यायला लागलं. माझा भाऊ, सगळ्या बंदराच्या हातांवर नजर ठेवणारा, त्याला स्वतःच्या हाताचा संशय एकदाही आला नव्हता.

डॉक्टरांनी त्याला वसईच्या लॅबमधल्या त्याच कडीच्या खोलीत पाठवलं. ह्या वेळी त्याने धोवलीच्या मुलीचं नाव काढलं नाही. रिपोर्ट नीट आला, निम्म्याहून जास्त शुक्राणू चांगले हलत होते. "तुम्हाला कधी काही झालंच नव्हतं," डॉक्टर म्हणाल्या. तर हा गाढव जिन्यात मला विचारतो, "लुसीबाय, ह्यो तरी बरोबर असंल ना?" मी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग तो हसला. जिन्याच्या कठड्याला धरून हसत राहिला, आणि हसता हसता म्हणाला, "चल, अर्नाळ्याला. आत्ता."

त्याच्या मागे मोटारसायकलवर बसून मी गेले. वाटेत तो मोठ्याने बोलत होता, वाऱ्यात अर्धं ऐकू येत नव्हतं. बाप्तिस्म्याला कुणाला बोलवायचं, पाळणा कुठे टांगायचा. मलाही वाटलं, सुटलो आपण. संध्याकाळी तिला घेऊनच परत येऊ.

जेसिका अंगणात मासळी सुकत घातली होती तिथे उभी होती. पोट आता दिसायला लागलं होतं. हिलरीने नमस्कार-चमत्कार न करता रिपोर्ट तिच्या हातात दिला आणि बर्फाची सगळी गोष्ट सांगितली. डबा, चुरा, प्लास्टिक, सगळं. ती ऐकत गेली. "विरारला जास्त बर्फ" इथे तिला हसू आवरलं नाही, तोंडावर पदर धरून हसली. मी मनात म्हटलं, झालं, मिटलं.

तिने रिपोर्ट वाचला. मग विचारलं, "हिलरी, ह्यो तिसरापन तसाच आला असता तर?"

दुसरा कुणीही पटकन काहीतरी गोड बोलला असता. मी डोळ्यांनी त्याला खुणावत होते. पण माझा भाऊ संशयी असला तरी खोटारडा नाही. त्याने विचार केला.

"तर मी आलो नसतो," तो म्हणाला.

जेसिकाने मान हलवली. रागावली नाही. तिचा आवाज मला दमलेला वाटला. "मग आजपन ह्यो कागदच आला हाय. तू नाय आलास." तिने कागदाची घडी घातली, त्याच्या हातात परत दिली, घरात गेली आणि दार लोटून घेतलं.

मला दोघांचाही राग आला. मी म्हटलं, चल हिलरी, आज राहू दे, पुन्हा येऊ. तो हलला नाही. मग त्याने तो कागद माझ्यापुढे धरला.

"लुसीबाय, ह्यो तू घेऊन जा घरी."

"आणि तू?"

तो लोटलेल्या दारासमोरच्या पायरीवर जाऊन बसला. मी विरारची बस पकडून एकटीच परत आले.