बिसराम मापाऱ्याची बेचाळीस माणसं

बिसराम धान मोजायला बसला की कोसमघाटातले लोक मुद्दाम त्याच्याशी गप्पा मारायला यायचे. कुणी भाव विचारायचं, कुणी लेकीच्या सासरची खबर काढायचं. एकानं तर पाठीमागं साप निघाल्याची थाप मारून पाहिली. गडी हलला नाही. हातातला लाकडी कुडव धानात खुपसायचा, ओतायचा, आणि "लाभ, दोन, तीन" म्हणत पुढं जायचा. धानाच्या राशीपुढं 'एक' म्हणायचं नसतं, पहिल्या मापाला लाभ म्हणायचं असतं. वीस कुडव झाले की एक खंडी, आणि एक चिंचोका पिशवीत. चाळीस वर्षं असं मापाऱ्याचं काम केलं, पण मोजणी चुकली म्हणून कुणी त्याच्या दारात आलं नाही. पुढं वजनकाटे आले आणि कुडव खुंटीला लागला. बिसराम मात्र रिकामा बसणाऱ्यातला नव्हता. लग्नाला गेला की पंगती मोजायचा आणि फाटकाशी थांबला की मालगाडीचे डबे.

आमगावच्या पुढं रेल्वेलाईनला लागून असलेलं हे गाव चार वर्षांपूर्वी नगरपंचायत झालं. गाव शहर झालं तर ते शहरासारखं दिसलंही पाहिजे, असं नगराध्यक्ष केशोरावांच्या मनानं घेतलं. रस्ते आणि वाहतुकीसाठी म्हणून यंदा साठ लाख आले होते. ते सगळे बाजारचौकात चारचाकी गाड्यांच्या वाहनतळावर खर्च करायचे ठरले. खाली रंगीत फरशी, वर दिवे, पुढं कमान. सूचना आणि हरकतींसाठी पंधरा दिवसांची नोटीस फळ्यावर लागली. बिसरामनं ती चष्मा लावून दोनदा वाचली. नाल्यावरच्या रपट्याचं नाव तिच्यात कुठंच नव्हतं.

हा रपटा म्हणजे नाल्यावरचा बुटका पूल. पलीकडची वस्ती, म्हणजे अख्खा टोला, त्याच्यावरूनच बाजाराला येतो. मधला भाग खचलेला, तिथं दोन फळ्या टाकून भागवलेलं. बिसरामचं घरही टोल्यातच. गेल्या साली त्याची बायको देवकाबाई गुरुवारच्या बाजाराला निघाली आणि वांग्यांच्या टोपल्यासकट फळीवरून खाली गेली. वांगी वाहून गेली आणि हात मोडला. दीड महिना प्लास्टर आणि दीड महिना बिसरामच्या हातचं वरण. या दोहोंत जास्त वाईट काय होतं, याबद्दल देवकाबाईचं मत ती अजून कुणालाही ऐकवते. हात जुळला, पण भीती काही गेली नाही. दर गुरुवारी ती पहिल्या फळीशी थबकायची, देवाचं नाव घ्यायची, आणि मग पाय टाकायची. ती पलीकडं पोचेपर्यंत बिसराम अलीकडं उभा राहायचा. यंदा पैसा वाहनतळात गेला, तर रपट्याची पाळी आणखी पाच वर्षं येणार नव्हती. फळ्या तर पुढचा पावसाळाही काढतील की नाही, याचीच शंका होती.

तो सरळ नगरपंचायतीत गेला.

"काऊन केशोभाऊ, आपल्या बाजारात कारा येतेत तरी किती?"

"बाबा, जमाना बदल गया. गाड्याच गाड्या येऊन रायल्या."

"कोनं मोजल्या?"

"मोजाले कायले पायजे? दिसतेत ना."

मापाऱ्याला 'मोजायला कशाला पाहिजे' म्हणणं म्हणजे आ बैल मुझे मार. केशोरावांना ते तेव्हा कळलं नाही.

पुढच्या गुरुवारी उजाडताच बिसराम रपट्याच्या बाजाराकडच्या तोंडाशी पोतं टाकून बसला. तिथून रपटाही दिसतो आणि बाजारचौकही. पुढ्यात चिंचोक्यांचा ढीग आणि दोन पिशव्या, एक गाड्यांची, एक रपट्यावरून बाजाराला येणाऱ्या माणसांची. पायी येणारं आणि सायकलवरचं, सगळी माणसं सारखी. म्हातारा आता माणसं मोजून राहिला, ही बातमी टोल्यात पोचली आणि लोक जरा ऐटीत रपटा ओलांडू लागले. पहिल्या आलेल्या कोथिंबीरवालीला त्यानं "लाभ" म्हटलं, तर ती दिवसभर तेच मिरवत होती. कुणी तंबाखू पुढं केली, कुणी गप्पा काढल्या. बिसरामनं मान हलवली, पण ओठ हलायचे थांबले नाहीत.

दिवस मावळला तेव्हा गाड्यांच्या पिशवीत एकही चिंचोका नव्हता. दिवसभरात नऊ गाड्या आल्या, खंडीच भरली नाही. माणसांच्या पिशवीत बेचाळीस चिंचोके होते आणि वर अकरा माणसं, म्हणजे आठशे एकावन्न. दुसऱ्या दिवशी त्यानं हाच आकडा हरकतीच्या अर्जात लिहून दिला.

केशोराव अर्ज वाचून खो खो हसले. "चिंचोक्यावर शासन चालते का?" रपट्यासमोरच्या कृषी केंद्राला कॅमेरा होता. त्यांनी त्याची गुरुवारची फीत मागवली आणि नगरपंचायतीची तरुण अभियंता प्रेरणा हिला फर्मान सोडलं, की म्हाताऱ्याची चूक काढून सुनावणीत सगळ्यांपुढं वाचून दाखव. पोरगी कामाची पक्की. तीन दिवस फीत बघत बसली.

सुनावणीला सभागृह भरलं. अर्धा टोला आला होता, देवकाबाई बायकांत मागं बसली होती. प्रेरणा कागद घेऊन उभी राहिली.

"बाबांची मोजणी चुकली आहे," ती म्हणाली.

केशोराव खुर्चीत ऐसपैस रेलले. बिसरामचा चेहरा उतरला. भरल्या बाजारात कुणी डोक्यावरचा शेला ओढावा, तसं त्याला झालं. रपटा तर हातचा गेलाच, चाळीस वर्षांचं नावही गेलं, असं वाटून त्याचे डोळे भरून आले.

"गाड्या नऊच आहेत, ते बरोबर," प्रेरणा पुढं वाचू लागली. "पण रपट्यावरून आलेली माणसं आठशे एकावन्न नाहीत. आठशे त्र्याण्णव आहेत. बेचाळीस जास्त."

आधी कुणाला काही समजलं नाही. मग मागच्या रांगेतून हसू फुटलं आणि पुढपर्यंत आलं. केशोराव सरळ होऊन बसले. कॅमेऱ्याची फीत त्यांनीच मागवली होती, मोजायला माणूस त्यांनीच बसवला होता. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. आता नऊ गाड्यांसाठी साठ लाख कसे घालायचे, हे त्यांनाच सांगावं लागणार होतं.

आनंद झाला नाही तो एकट्या बिसरामला. त्यानं खिशातली पिशवी काढून चिंचोके टेबलावर ओतले आणि पुन्हा मोजले. बेचाळीस. जितक्या खंड्या, तितकीच माणसं कमी. आणि एकदम त्यानं कपाळावर हात मारून घेतला.

"मापाऱ्याचा वाटा काढून बसलो ना बाप्पा," तो म्हणाला.

जुन्या माणसांना लगेच उमगलं, बाकीच्यांना त्यानं सांगितलं. एक खंडी भरली की पुढचा कुडव मापाऱ्याच्या मेहनतीचा. तो मोजायचा नसतो, बाजूच्या टोपल्यात ओतायचा. चाळीस वर्षं हाताला जी सवय, तीच त्या दिवशी डोळ्याला लागली. दर खंडीमागं एक माणूस त्यानं बघितलं आणि न मोजता जाऊ दिलं. सभागृह हसून हसून बेजार झालं, आणि शेवटी केशोरावही हसले.

हसू ओसरल्यावर त्यांनी पेन मागितला. यंदाच्या पैशातून आधी रपटा आणि उरल्यास वाहनतळ, असा ठराव झाला. विरोधात कुणाचाच हात वर झाला नाही.

लोक उठू लागले, तेवढ्यात देवकाबाई पदर सावरत पुढं आली.

"काहो, गुरुवारी मी तुमच्यापुढून टोपलं घेऊन गेली. मले मोजलं होतं का?"

बिसराम खोटं बोलणारा माणूस नव्हता. त्यानं आठवून पाहिलं. ती पहिल्या फळीशी थबकली होती, आणि तेव्हाच त्यानं पिशवीत चिंचोका टाकला होता.

"नाही," तो म्हणाला. "खंडी तवाच भरली होती. तू माह्या वाट्याले आली."

देवकाबाईनं सगळ्यांदेखत तोंडाला पदर लावला. इतकी वर्षं संसार करून या माणसानं तिला असं काही ऐकवलं नव्हतं. प्रेरणानं मात्र इतिवृत्तात आठशे त्र्याण्णवच लिहिले, देवकाबाईला धरून.