देव नसलेल्या घरात देवी

आमच्या घरात देव्हारा नाही. आजेसासऱ्यांनी धर्म बदलला तेव्हा जळकोटच्या घरातले सगळे देव टोपलीत भरून नदीत सोडले. मी नांदेडची, तीही अशाच घरातली. लातूरला आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. सासूबाई रोज बुद्धवंदना म्हणणाऱ्या आणि घरमालकिणीच्या उपासतापासांची टर उडवणाऱ्या. तेवढ्या एका बाबतीत आमचं दोघींचं जमायचं. बाकीचं विचारू नका.

लेक साडेतीन वर्षांची होती. तिला इसब होतं. कोपरांच्या खळग्यांत, मानेला आणि डाव्या पापणीवर. मेडिकलमधून आणलेल्या ट्यूबने लगेच गुण यायचा, म्हणून आम्ही तीच लावत होतो. त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी ती ट्यूब पाहिली आणि डोक्याला हात लावला. हे स्टिरॉइड आहे, डोळ्याजवळ असं मनाने लावत राहायचं नसतं, म्हणाल्या. त्यांनी बिनस्टिरॉइडचं मलम लिहून दिलं. अंग कोरडं करून पातळ थर द्यायचा, वर पट्टी बांधायची नाही, उन्हात नेताना झाकायचं, लावून झालं की हात धुवायचे. सुरुवातीला जळजळेल, त्याला घाबरू नका. आम्ही उठता उठता मात्र त्यांनी बजावलं, की पाण्याचे फोड आले किंवा ताप आला तर मलम बंद करून थेट इकडे यायचं.

जळजळ झालीच. ‘मुंग्या, मुंग्या’ म्हणून पोर रडायची. मग हळूहळू ते थांबलं, पापणी मऊ झाली आणि पोर न खाजवता झोपायला लागली. मला आभाळ ठेंगणं झालं होतं.

एका सकाळी तिचं अंग तापलेलं होतं. फ्रॉक वर केला तर जिथे जिथे इसब होतं तिथेच फोड आलेले. सगळे एकाच मापाचे, प्रत्येकाच्या मधोमध बारीक खळगा. पापणी सुजून डोळा मिटलेला.

तेवढ्यात घरमालकीण डोकावली. पोरीला पाहून मागे सरली, चपला काढल्या आणि उंबऱ्याबाहेरूनच हात जोडून म्हणाली की आईसाहेब आल्यात. थोड्या वेळाने तिने कडुलिंबाचा डहाळा पाठवला. मला हसू आलं. आता सासूबाई तिला चांगलं सुनावतील म्हणून मी वाट पाहत राहिले. त्या तर आत गेल्या आणि फोडणीसाठी तापत ठेवलेल्या तेलाखालचा गॅस बंद केला; देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत म्हणे. डहाळा दाराला खोचला तोही त्यांनीच.

नवरा किनवटला आश्रमशाळेत मास्तर. फोनवर म्हणाला, नव्या मलमाचंच हे, जुनी ट्यूब लाव. मी त्याला झाडलं आणि पोरीला उचलायला निघाले, तर सासूबाई दारात आडव्या. आवाज अगदी खाली.

“आत्ता भाईर न्यायचं न्हाई. त्यांना ऊन लागंल.”

‘त्यांना’ म्हणजे माझ्या लेकीला. हे कुणी शिकवलं तुम्हाला, असं मी विचारलं. आईनं, म्हणाल्या, तिला तिच्या आईनं. मग पदर डोक्यावर घेऊन त्या पोरीच्या पायाशी बसल्या. घरात फोडणीचा वास नव्हता, टीव्ही नव्हता, खाली रस्त्यावरचे भोंगे तेवढे ऐकू येत होते.

“काय पायजे तुमाला?” त्यांनी विचारलं.

“उजेड नको,” लेक म्हणाली. स्पष्ट, न रडता, डोळे मिटून.

सासूबाईंनी उठून पडदे ओढले. दारही लोटलं. आणखी काय पाहिजे, असं हात जोडून विचारलं.

“उजेड नको.”

भर दिवसा खोलीत अंधार झाला होता. माझ्या पोटची पोर, आणि तिच्याजवळ जायला मी घाबरले. ही कोण बोलते आहे, असं क्षणभर खरंच मनात आलं. मग दिसलं, की तिने तोंड भिंतीकडे वळवलंय आणि मूठ डोळ्यावर दाबून धरलीय. दाराखालून येणारी उन्हाची फटसुद्धा तिला सोसत नव्हती. तिचा डोळा दुखत होता. मी ओढणी तिच्या तोंडावर टाकली, सासूबाईंना बाजूला सारलं आणि जिना उतरले. त्या मागोमाग रिक्षात येऊन बसल्या.

डॉक्टरीणबाईंनी एकदा पाहिलं आणि आधी डोळ्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. ही देवी नाही, मलमाची जळजळही नाही, म्हणाल्या. ओठावर पुटकुळ्या आणणारा विषाणू इसबाच्या कातडीवर वणव्यासारखा पसरतो. हे मलम कातडीची विषाणूशी झगडायची ताकद कमी करतं, म्हणून विषाणू शिरलेल्या जागी ते लावायचंच नाही. डोळ्याच्या बुबुळावर डाग पडेल का, हे तपासल्यावरच कळेल. लगेच भरती करून सलाईनमधून औषध सुरू झालं.

मग त्यांनी विचारलं, घरात कुणाच्या ओठावर पुटकुळ्या आल्या होत्या का?

नाही म्हणायला मी तोंड उघडलं आणि सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी पदर तोंडावर दाबून धरला होता. तो हळूहळू खाली आला. ओठाच्या कोपऱ्यावर वाळत आलेली खपली होती. इसब गेल्याच्या आनंदात त्या रोज संध्याकाळी नातीच्या त्या पापणीचा मुका घ्यायच्या.

पोर भरती होती तोवर त्या वॉर्डात आल्याच नाहीत, बाहेर बाकावर बसून राहिल्या. शेवटी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले की डाग नाही, डोळा वाचला. मी रडतच बाहेर गेले आणि त्यांना सांगितलं. तुम्हाला कुणी बोल लावत नाही, हेही सांगितलं आणि ते मनापासून होतं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“देवी असती तर बरं झालं असतं गं,” म्हणाल्या.