फोनवर वाचलेलं पाकीट

आमच्या बिस्किटांच्या प्रत्येक पाकिटामागे एक फोन नंबर असतो. तो लावला की फोन वाजतो लेबलकाकांच्या टेबलावर. माझं हिशेबाचं टेबल त्यांना लागून, आणि काकांना ऐकू कमी येतं म्हणून फोन कायम स्पीकरवर. त्यामुळे त्यांची अर्धी नोकरी माझ्याच कानांनी केली आहे. बिस्किटात काय काय घातलंय ते आम्ही पिवळ्या कागदावर रुपेरी शाईने छापतो, तेही इतकं बारीक की मुंगीलाही चष्मा लागावा. नंबर मात्र ठळक. मग लोक नंबरच वाचणार.

फोनवर काय बोलायचं ते कंपनीने ठरवून दिलंय: "सगळी माहिती पाकिटावर आहे." काकांच्या तोंडी ते वाक्य कधी बसलं नाही. "ज्याला पाकीट वाचता येतंय तो मला कशाला फोन करेल?" असं पुटपुटत ते बाजूच्या फळीवरून नमुन्याचं पाकीट काढत आणि पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचून दाखवत. गव्हाचं पीठ, साखर, तेल, काजूची पूड, मीठ. दिवसभर हेच. संध्याकाळी डोळे चोळत घरी जात. त्यांची बायको आमची बिस्किटं घरात आणत नाही. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते काही खोटं नाही.

फोन करणाऱ्यांत एक आजी होत्या. घरात नवराबायको दोघंच. आजोबांना शेंगदाणा चालत नाही. कणभर पोटात गेला तरी घसा सुजतो, श्वास अडकतो. आणि चहाबरोबर बिस्किट नसेल तर त्यांचं तोंड फुगतं. दोघांचीही नजर अधू, म्हणून नवं पाकीट आणलं की फोडण्याआधी आजींचा फोन ठरलेला.

"बाळा, वाचतोस ना?"

काका निवृत्तीला आलेले. त्यांना बाळा म्हणणारं दुसरं कुणी आता उरलं नव्हतं. ते सावकाश वाचत.

"शेंगदाणा नाही ना?"

"नाही, आजी."

"मग देते ह्यांना. तुझी कंपनी कशी आहे मला ठाऊक नाही. मी तुझ्या शब्दावर देते."

मध्यंतरी काजूची पूड महाग पडायला लागली, म्हणून कंपनीने शेंगदाण्याची घातली. चोरून नाही हं. नवं लेबल रीतसर छापलं, त्यात शेंगदाणा लिहिला. फळीवर नवा नमुना ठेवायचं काम छपाई विभागाचं. छपाईवाल्यांना वाटलं ते गोदामाचं. दोघांच्या भांडणात फळीवर जुनंच पाकीट राहिलं. रंग तोच, चित्रही तेच. आजींचा फोन आला तेव्हा काकांनी ते काढलं आणि इमानेइतबारे वाचलं.

दुसऱ्या दिवशी आजींच्या शेजारणीचा फोन आला. "आजोबा दवाखान्यात आहेत. नळी घातलीय. आजी एकच विचारतायत, बाळाने असं कसं सांगितलं?"

काकांनी फळीवरचं पाकीट आणि गोदामातलं पाकीट शेजारी शेजारी धरून पाहिलं. मग दोन्ही घेऊन साहेबांकडे गेले. मीही मागोमाग गेले.

साहेब म्हणाले, "लेबल नियमात आहे. अक्षराची उंची पट्टी लावून मोजली आहे."

"आणि मी वाचलं ते?"

"तुम्ही वाचायचंच नव्हतं."

मला साहेबांचा संताप आला. ते नियमाला धरून बोलत होते, म्हणून जास्तच आला.

त्यानंतर काका फोनवर ते ठरलेलं वाक्य म्हणायला लागले. अगदी स्वच्छ उच्चारात. पलीकडून लोक चिडायचे, ते ऐकून घ्यायचे. फळीकडे पाठ होईल अशी त्यांनी खुर्ची फिरवून घेतली. दवाखान्यात जावं का, असं त्यांनी मला रोज विचारलं आणि एकदाही गेले नाहीत.

मग एका दुपारी तोच आवाज आला. "बिस्किटवाला आहे का?"

काका उभेच राहिले. "आजी, आजोबा?"

"आलेत घरी. आवाज बसलाय अजून, पण बिस्किट मागतात." मग त्या म्हणाल्या, "दुसऱ्या कंपनीचं आणलंय. त्यांना फोन केला तर म्हणतात, सगळं पाकिटावर आहे. शेजारणीने वाचलं, पण माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. एकाच्या डोळ्यांवर आता भागत नाही. तू पण वाच."

"ते माझ्याकडे नाही, आजी."

"दुकानात मिळतं. जा, मी थांबते."

काका भर कामाच्या वेळात खाली गेले. मी त्या चालू फोनकडे बघत बसले. पलीकडे कप वाजत होते. धापा टाकत ते परतले, हातात वैऱ्याचं पाकीट. आधी त्यांनी कुणी न सांगता त्यावरची तारीख वाचली, पलीकडच्या पाकिटाशी जुळते का ते बघायला. मग एकेक शब्द. प्रत्येक शब्दानंतर पलीकडून शेजारीण म्हणत होती, "बरोबर."

"शेंगदाणा?" आजींनी विचारलं.

"नाही, आजी."

पूर्वी एवढ्यावर पाकीट फुटायचं. आज आजी तोंड वळवून बोलल्याचं ऐकू आलं. "खरं सांगतोय का गं तो?"

"हो आजी, नाही त्यात."

"बरं," आजी म्हणाल्या आणि फोन ठेवला. बाळा म्हणाल्या नाहीत.