मफलरखालचा भाव

काल इथे जर्मनीत, येना शहरात, पावसात भिजून घरी आलो. ओला मफलर हीटरवर टाकला, तशी लेक नाक मुरडून म्हणाली, "बाबा, दास श्टिंक्ट!" म्हणजे घाण वास येतोय. मला मात्र त्या लोकरीच्या वासाने पूर्वी नोकरीसाठी राहिलो होतो ते आयर्लंडमधलं जिल्ह्याचं गाव आठवलं.

आधी लोण्याच्या, मग लोकरीच्या धंद्यावर जगलेलं गाव. बंद पडलेल्या लोकरीच्या गिरणीतच आमचं सॉफ्टवेअरचं ऑफिस होतं. पण घोडेबाजाराच्या दिवशी सगळा रस्ता घोड्यांचा. माझे घरमालक पॅट्रिककाका घोडी विकायला उभे होते आणि गिऱ्हाइकाशी भावावरून सौदा अडला होता. अशा वेळी तिथे तिसऱ्या माणसाने दोघांचे हात एकमेकांच्या हातात द्यायचे असतात. काकांनी मलाच पुढे ओढलं. "हा परका आहे, कुणाच्याच बाजूचा नाही."

माझे वडील सांगोल्याच्या बाजारात बैलांचे सौदे करायचे. मी त्याच सवयीने हात जुळवले आणि वर मफलर टाकला. आमच्याकडे भाव कापडाखाली, बोटांनी ठरतो. अख्खा रस्ता हसला, कारण तिथे भाव ओरडून सांगतात. मी मफलर ओढायला गेलो, तर काका म्हणाले, "राहू दे. बोटं कशी मोजायची ते सांग."

मी सांगितलं. मफलर हलला, थांबला, पुन्हा हलला. घोडी विकली गेली.

तेव्हा वाटलं, काकांनी माझी लाज राखली. आता ऑफिसात हट्टाला पेटलेली माणसं रोज पाहतो आणि खात्रीने सांगतो, लाज मी त्यांची राखली. चारचौघांत दोघांनाही मागे सरता येत नव्हतं. मफलरखाली कोण किती सरकलं, ते त्या गावाला अजून कळलेलं नाही. मलाही नाही.