ताईचा पिवळट मॉनिटर

टॉर्चभाऊचं खरं नाव आठवायला त्याच्या बायकोलाही क्षणभर लागत असेल. बंद पडलेला मॉनिटर कोणी दुकानात आणला की तो पान्हे-पेचकस नंतर, आधी टॉर्च उचलायचा. काळ्या काचेवर तिरका उजेड टाकायचा, नाक टेकेल इतक्या जवळून बघायचा, आणि आत पुसटसं चित्र दिसलं की त्याचा चेहरा खुलायचा. "चित्र शाबूत आहे. फक्त मागचा दिवा गेलाय. टाकून कसले देताय?" मग फुगलेले कपॅसिटर बदलायचे, धुळीने बुजलेली भोकं ब्रशने मोकळी करायची, ब्राइटनेस निम्म्यावर आणून मॉनिटर परत द्यायचा. वर दम भरायचा, की पुन्हा पूर्ण वाढवलात तर माझ्याकडे येऊ नका. म्हातारे मॉनिटर जगवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता, आणि हे त्याला जरा जास्तच ठाऊक होतं.

फक्त थोरल्या बहिणीपुढे ही ऐट चालत नसे. ताई घरी बसून चादरींच्या छपाईची नक्षी काढायची. तिचा मॉनिटर टॉर्चभाऊनेच शिकाऊ असताना दुरुस्त केलेला, अगदी पहिलावहिला. आता तो पार पिवळट पडला होता. सकाळी उजळायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात ताईचा चहा होऊन जायचा. साऱ्या गल्लीचे मॉनिटर आपण लख्ख करायचे आणि सख्ख्या बहिणीने त्या पिवळ्या उजेडात डोळे फोडायचे, हे काही भावाला बघवत नसे.

ताई नणंदेकडे मुक्कामाला गेली, तेव्हा भावोजींना पटवून त्याने बेत तडीस नेला. मागच्या दिव्याच्या जुन्या नळ्या काढल्या, त्या जागी एलईडीच्या पट्ट्या बसवल्या. मॉनिटर असा झगझगीत लागला की भावोजींनी चष्मा काढून पुसला. टॉर्चभाऊ शीळ घालत घरी गेला.

ताई परतली, खूश झाली, कामाला बसली. त्याच आठवड्यात तिला कापडवाल्याला नवा नमुना दाखवायचा होता. तिच्या आभाळी निळ्यावर तो गृहस्थ भाळलेला. तसा निळा दुसऱ्या कोणाला जमत नाही, म्हणून तर काम तिच्याकडे यायचं. नमुना छापून आला आणि ताईने भावाला फोन केला.

"असशील तसा ये."

तो पोचला तर टेबलावर चादरीचा तुकडा पसरलेला. आभाळावर शेवाळ चढलं होतं.

"हा माझा निळा?" ताई कडाडली. "इतक्या वर्षांत एकदा चुकला नाही. काय केलंस त्या मॉनिटरला?"

"अगं, उजेड नवा आहे. आता रंग खरे दिसतात."

"खरे? मग कापडावर असे का उतरले?"

टॉर्चभाऊने तुकडा उचलून स्क्रीनशेजारी धरला. मग त्याच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तोंडचं पाणीच पळालं. जुन्या मॉनिटरवर प्रत्येक रंगाला पिवळी झाक असायची. स्क्रीनवर निळा जरा हिरवट दिसला की कापडावर बरोबर उतरतो, हे ताईच्या डोळ्यांना पाठ झालं होतं. नव्या उजेडात तो हिरवट दिसेना, म्हणून सवयीने तिने त्यात पिवळा वाढवला. मॉनिटर म्हातारा होत गेला, तशी तिची नजरही त्याच्या जोडीने चालत आली होती. भावाने एका दुपारीत त्याला तरुण केलं आणि बहिणीला एकटीला मागे ठेवलं.

"कापडवाला उद्या दुपारी येतोय," ताई म्हणाली. "हे बघितलं तर काम दुसऱ्याकडे जाईल. या वयात मी नव्याने रंग शिकत बसू का रे?"

रागावलेली ताई त्याला सवयीची होती, घाबरलेली नव्हती. त्याला फार वाईट वाटलं.

जुन्या नळ्या काढतानाच तडकल्या होत्या, तेव्हा तो रस्ता बंद. त्याने खुर्ची ओढली आणि मॉनिटरच्या रंगांची सेटिंग उघडली. ताईने एका जुन्या, पसंत पडलेल्या चादरीची नक्षी स्क्रीनवर लावली. तो बटण दाबत निळा उतरवत गेला.

"अजून मळव," ताई म्हणाली.

"बघवत नाही गं."

"तुला कुठे बघायचंय? अजून."

कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून टॉर्चभाऊ एक चांगला धडधाकट मॉनिटर स्वतःच्या हाताने पिवळा करत होता. भावोजी दारात उभे राहून हसू दाबत होते. शेवटी ताईने हात वर केला.

"थांब. हा माझा."

तिने निळा पुन्हा जुळवला. सकाळी नवा तुकडा छापून आला, तो तिने खिडकीशी नेऊन उलटसुलट बघितला आणि मान डोलावली. टॉर्चभाऊचा जीव भांड्यात पडला. दुपारी कापडवाल्याने त्या निळ्यावरून बोट फिरवलं आणि हंगामाचं सगळं काम ताईला देऊन टाकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच पुन्हा ताईचा फोन. टॉर्चभाऊने आधी पेचकस खिशात टाकला, मग फोन उचलला.

"अरे, बटण दाबलं की मॉनिटर लगेच उजळतो," ती म्हणाली. "माझा चहा व्हायचाच असतो."

"ते आता हळू नाही करता येणार, ताई."

"करूही नकोस," ताई म्हणाली. "एवढ्या हौसेने तरुण केलायस त्याला. मीच चहा आधी ठेवत जाईन."